सात किलोमीटरांचा महामार्ग

१४ सप्टेंबर २०१९, शनिवार

आज रस्ता उघडला. गावाच्या टोकापासून खिंडीतल्या सीमेच्या फाटकापर्यंत सात किलोमीटर. पाटीवर 'महामार्ग' असं लिहिलंय, तेव्हा आपणही महामार्गच म्हणायचं. राजधानीहून मंत्री आले, पलीकडून ग्रीकांचं कोणीतरी आलं, पाद्रीबाबांनी सब्जाच्या जुडीनं डांबरावर पाणी शिंपडलं, बँड वाजला.

मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो, पण त्या खिंडीपलीकडे एकदाही गेलो नाही. आमच्या लहानपणी तिथं तारेचं कुंपण होतं, सैनिक होते, कुत्री होती. शेळी तिकडे गेली तर शेळी विसरायची, असं आई सांगायची. आता ग्रीस म्हणजे वीस मिनिटांवर.

आमच्या खाणावळीचं उद्घाटनही आजच केलं. जुन्या बसची शेड होती, ती रंगवून घेतली. आत चार टेबलं, बाहेर बाक. आधी खाण बंद पडली, मग मी चालवायचो ती बस बंद पडली, तेव्हा आता हे. स्वयंपाक नेवेनाचा, बाकी सगळी सूत्रं रुसानाच्या हातात, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझं. नेवेना माझी मुलगी, सव्वीस वर्षांची. शहरात चांगल्या हॉटेलात होती, मी बोलावलं म्हणून आली. घेवड्याच्या सुपाची कृती मात्र माझी, म्हणजे माझ्या आईची. हे लिहून ठेवलेलं बरं.

दिवसभर गाड्या गेल्या. थांबली एकच, तीही मुतारी विचारायला. रुसाना म्हणाली, "गाडी दारावरून गेली म्हणजे दारात थांबली असं नसतं, वेल्को."

लग्नाला तीस वर्षं झाली. या बाईनं एकदा तरी म्हणावं, की छान झालं.

१८ सप्टेंबर, बुधवार

पहिला ग्रीक! नाव अर्गिरिस. तिशीतला असेल. नाक लांब, हात मोठे, अंगाला माशांचा वास. समुद्रावरची मासळी गाडीत भरून आमच्या जिल्ह्याच्या गावाला नेतो. आठवड्यातून तीनदा इथून जाणार. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो. दोन वाट्या सूप प्यायला आणि म्हणाला, "किर वेल्को, तुमचा सूप फार चांगली आहे."

'किर' म्हणजे त्यांच्यात 'राव'. वेल्कोराव! उभा जन्म खाणीत आणि बसवर गेला, राव कोणी म्हटलं नव्हतं. रुसानाला सांगितलं, तर म्हणते, "त्यानं सुपाकडे बघितलं तरी का?"

तिला माझं कौतुक सोसत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज नेवेना दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. सूप रुसानानं केलं. तीच कृती, तोच घेवडा. अर्गिरिस आला, स्वयंपाकघराच्या दारातून दोनदा आत डोकावला, चार चमचे प्यायला आणि "आज घाई" म्हणून निघून गेला. माझा जीव थोडा थोडा झाला. नक्कीच घेवडा जुना असणार. दुकानदाराला फोन करून झापलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तीन वाट्या! घेवड्याचं पोतं तेच. मला काही कळत नाही. मिठाचा फरक असेल. नेवेना मीठ शेवटी घालते, तसंच घालायचं असं रुसानाला बजावलं. ती म्हणाली, "हो, मिठाचंच असणार."

१ डिसेंबर, रविवार

थंडी वाढली तरी गाड्या येतात. रविवारी तिकडची कुटुंबं बर्फ बघायला येतात आणि आमचं बटाट्याचं पतातनिक खाऊन जातात. मी लोकांना सांगत होतो ते खरं झालं, जग आमच्या दारात आलं.

नेवेना ग्रीक शिकतेय. फोनवर ऐकते आणि कांदा चिरताना स्वतःशीच पुटपुटते. मी विचारलं, "हे कशाला?" "गिऱ्हाइकांसाठी, बाबा." धंद्याची एवढी तळमळ! मला भरून आलं. ही पोर हे सगळं पुढे नेणार. मी आणि रुसाना म्हातारपणी बाहेरच्या बाकावर उन्हात बसू आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करू.

१ मार्च २०२०, रविवार

आज मार्ता, वसंताचा पहिला दिवस. नेवेनानं लाल-पांढऱ्या दोऱ्यांचे गोंडे करून सगळ्यांच्या मनगटांना बांधले. मला, तिच्या आईला, आणि मानोलला. मानोल फाटकावरचा पोलीस, रोज आमच्याकडेच जेवतो. अर्गिरिसही आला. रविवार असून आला, गाडीत मासे नव्हते. म्हणाला, "इकडून जात होतो." कुठे जात होतास, विचारलं तर त्यानं खिंडीकडे हात केला. म्हणजे जिथून आला तिकडेच. ग्रीक माणसं जरा विसरभोळी असतात.

त्याला बांधताना नेवेनाची गाठच बसेना. बराच वेळ लागला. मी म्हटलं, आण इकडे, मी बांधतो. रुसानानं मला हाताला धरून आत नेलं, सरपण फोडायचं होतं म्हणे. ढीगभर फोडलेलं पडलं होतं.

१४ मार्च, शनिवार

फाटक बंद.

साथीचं टीव्हीवर ऐकत होतोच, पण ते इटलीत, चीनमध्ये. आज मानोल आला, टोपी काढून उभा राहिला. "वेल्कोकाका, आदेश आलाय. दुपारी दांडा खाली."

मी गाडी काढून वर गेलो. आमचा दांडा पडला, मग पलीकडे ग्रीकांचा पडला. मधला शंभरेक पावलांचा रस्ता कोणाचाच नाही, तो तसाच उन्हात पडून राहिला. मी विचारलं, "किती दिवस?" मानोल म्हणाला, "पंधरा दिवस म्हणतात."

घरी आलो तर नेवेना भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती. मी म्हटलं, "धंद्याचं एवढं जिवाला लावून घेऊ नकोस, पोरी. पंधरा दिवसांत येतीलच सगळे." तिनं माझ्याकडे बघितलं, ओले हात तसेच ठेवून मागच्या दारानं बाहेर गेली. वडिलांवर गेली आहे, फार मनाला लावून घेते.

१९ एप्रिल, रविवार

ईस्टर, पण चर्च बंद. पाद्रीबाबांनी दारोदार फिरून ज्योत दिली.

पंधरा दिवसांचा महिना झाला. दुकान उघडून बसतो. काल एक कुत्रा आला.

नेवेनाची तब्येत बरी नाही. कोकराचं मांस शिजायला लागलं तशी ती तोंडावर हात ठेवून पळाली. या आठवड्यात हे रोजचंच. जठराचं दुखणं आहे, माझ्या वडिलांनाही होतं. कॅमोमाइलचा काढा घे म्हटलं. रुसानानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ओकलो.

तरी दुपारी नेवेना टोपलीत पाव आणि लाल रंगवलेली अंडी घालून सायकलवरून फाटकाकडे गेली. म्हणाली, "मानोल तिथं एकटा असतो बाबा, सणाचा दिवस." तिन्हीसांजेला आली. डोळे सुजलेले, पण चेहरा कसा धुतल्यासारखा.

हो, मानोल एकटा असतो. चौतीस वर्षांचा, सरकारी नोकरी, दारू बेताची, लग्न नाही. माझ्या डोक्यात आज पहिल्यांदाच एक गोष्ट आली.

२४ मे, रविवार

दर रविवारी नेवेना फाटकाकडे जाते. आता मी स्वतःच मानोलसाठी डबा भरून देतो. मुद्दाम मोठा. काल तो भेटला तर म्हणतो, "काका, एवढं कशाला पाठवता? मला संपत नाही." मी डोळा मारला. म्हटलं, "खा रे, आपलंच घर समज." कानापर्यंत लाल झाला. पोलीस असून लाजतो! मुलगा गुणी आहे.

शेवटी रुसानाला बोललो. म्हटलं, मानोल कसा वाटतो तुला, नेवेनासाठी? ती हातातली परात ठेवून खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना, हसणं थांबलं तरी.

"काय झालं?"

"काही नाही. तू बोल. तू बोललास की बरं वाटतं."

बायकांचं काही कळत नाही. पण विरोध नाही, एवढं समजलं.

१६ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

सकाळी अर्गिरिस आला. आमचं फाटक बंदच आहे, पण पश्चिमेकडचं मोठं फाटक उघडलंय. तो एवढा वळसा घालून, साथीच्या तपासणीसाठी नाकात काडी घालून घेऊन, दोन दिवसांचा प्रवास करून आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, माशांचा वास नाही. मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, बघा, माणूस चवीसाठी कुठून कुठे येतो!

तो उभाच राहिला. म्हणाला, "किर वेल्को, मला तुमच्याकडे एक मागायची आहे."

मला वाटलं, कळलं मला. मी म्हटलं, "हे बघ अर्गिरिस, कृती मी कोणाला देत नाही, आईला शब्द दिलाय. पण भागीदारी म्हणशील, तिकडे एक खाणावळ काढायची म्हणशील, तर बोलू."

तो नेवेनाकडे बघायला लागला. नेवेना जमिनीकडे. तेव्हा रुसाना ओरडली, "अरे देवा, वेल्को! जरा गप्प बस आणि पोरीच्या पोटाकडे बघ!"

मी बघितलं.

पाच महिने ती माझ्यासमोर वावरत होती. सैल झगे घालते हे मला दिसत होतं. उन्हाळा आहे, म्हटलं. मानोलला माहीत होतं, तोच तर रविवारी त्यांना दांड्याच्या अल्याड-पल्याड उभं राहू द्यायचा. झिव्काला माहीत होतं. ती गावची निवृत्त नर्स, तिला तर कळणारच. पाद्रीबाबांना माहीत होतं. पोस्टमनलाही. माझ्या घरातली गोष्ट गावभर, आणि मी डबे भरत बसलो होतो.

मी बाहेर गेलो आणि शेडमागे उभ्या असलेल्या जुन्या बसमध्ये जाऊन बसलो. माझ्याच सीटवर.

१७ ऑगस्ट, सोमवार

राग कशाचा आला ते रात्रभर शोधत होतो. मुलाचा नाही. मूल म्हणजे मूल. अर्गिरिस ग्रीक आहे याचा? थोडा असेल. माझे वडील ग्रीक म्हटलं की थुंकायचे. पण मी काही थुंकलो नाही, मी त्याला तीन तीन वाट्या वाढल्या.

सकाळी नेवेना बसमध्ये आली, मागच्या सीटवर बसली, लहानपणी बसायची तिथं. मी आरशातून तिच्याशी बोललो, तेच जमलं.

"तू तिकडे जाणार?"

"हो, बाबा."

"इथं राहता येणार नाही? तो इकडे येऊन राहील."

"इथं काय आहे, बाबा?" ती टाकून बोलली नाही. खरंच विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही आहात. म्हणून तर सांगता येत नव्हतं."

"मी हे सगळं तुझ्यासाठी मांडलं, नेवेना."

"माहीत आहे."



अर्गिरिसला मी घरात झोप म्हटलं नव्हतं. तो बाहेरच्या बाकावर झोपला, पाय लटकत होते. अंगावर आमची लग्नातली गोधडी होती, म्हणजे रुसाना बाहेर येऊन गेली होती. मी कॉफी केली, त्याच्यासमोर ठेवली. तो प्यायला. म्हणाला, "कॉफी चांगली आहे."

या वेळी व्याकरण बरोबर आलं त्याचं. शिकून आला असेल बिचारा, भलत्याच वाक्यासाठी.

१८ ऑगस्ट, मंगळवार

मानोल माफी मागायला आला. मी म्हटलं, "तू माझे डबे खाल्लेस." तो म्हणाला, "अर्धे पलीकडे जायचे, काका. अर्गिरिसला तुमचं सूप खरंच आवडतं."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

२० सप्टेंबर, रविवार

ठरलं होतं की ऑक्टोबरच्या आधी नेवेना मोठ्या वळशानं तिकडे जाईल. ते मोडलं. मंगळवारी तिला रक्त दिसलं. जिल्ह्याच्या डॉक्टरनं सांगितलं, पडून राहायचं, प्रवास नाही. अर्गिरिस एकदा वळसा घालून येऊन गेला. पण तिकडे पुन्हा नियम कडक होतायत, पुढच्या वेळी जमेल की नाही सांगता येत नाही.

ती वरच्या खोलीत पडून असते. खिडकीतून महामार्ग दिसतो. त्याच्यावर आता आमच्या शेजाऱ्यांच्या मेंढ्या बसतात. संध्याकाळी फोनवर दोघं बोलतात. मी खाली बसून ऐकतो, एक अक्षर कळत नाही. पण नेवेना ग्रीकमध्ये वेगळी हसते. असं हसणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कधीपासून नाही, ते आठवायचा प्रयत्न केला. शहरातून आली त्या दिवसापासून.

मी बोलावलं म्हणून ती आली होती. तिला यायचं होतं का, हे मी विचारलं होतं का?

२९ नोव्हेंबर, रविवार

बर्फ. सतत.

झिव्का रोज येऊन बघून जाते. अजून आठवडाभर आहे म्हणते. रुसाना लोकरीचे मोजे विणते आणि उसवते. मी गाडीला साखळ्या लावून ठेवल्या.

४ डिसेंबर, शुक्रवार

कालचं आज लिहितोय. 

काल सकाळी, न्याहारीच्या वेळी, वरून नेवेनाची हाक आली. झिव्का बर्फातून पळत आली, तिनं पोट दोन्ही बाजूंनी चाचपलं, मग मला जिन्यात ओढून म्हणाली, "बाळ आडवं आहे, वेल्को. हे माझ्या हातातलं नाही. ऑपरेशनला न्या, आत्ता."

जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन केला. अॅम्ब्युलन्स निघाली, आणि अर्ध्या तासानं ड्रायव्हरचा फोन आला. नदीच्या वळणावर दरड कोसळली आहे, झाडं, दगड, बर्फ सगळं रस्त्यात, संध्याकाळपर्यंत तरी काही हलणार नाही.

मी जिन्यात उभा होतो. तीस वर्षं लोकांना म्हणायचो, की आमचं गाव म्हणजे टोक, पुढे काही नाही. रुसाना वरून ओरडली, "उभा काय राहिलास? दुसरा रस्ता आहे ना तुझा!"

फाटक बंद, म्हणून महामार्गावरचा बर्फ यंदा कोणी काढलेला नव्हता. शेजारचा कालिन ट्रॅक्टर घेऊन पुढे, त्याच्या चाकोरीत माझी गाडी. मागे नेवेना आडवी, तिचं डोकं रुसानाच्या मांडीवर, पायाशी झिव्का. मी आयुष्यभर बस चालवली, पण असे सात किलोमीटर कधी चालवले नाहीत. नेवेना ओरडत नव्हती, कण्हत होती. ते जास्त वाईट होतं. रुसाना तिच्या केसांतून हात फिरवत लहानपणीचं गाणं म्हणत होती, अगदी हळू, आणि गाडी घसरली की गाणं न थांबवता मध्येच मला शिवी देत होती.

मानोलला आधीच कळवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो फोनवर त्याच्या साहेबांशी बोलत होता. "होय साहेब... नाही साहेब... विचारून सांगता? किती वेळ लागेल साहेब?" मग त्यानं गाडीच्या काचेतून आत बघितलं. म्हणाला, "साहेब, बर्फामुळे आवाज येत नाहीये तुमचा." आणि फोन खिशात टाकला. आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ येत होता. दांड्याची मोटार गोठली होती. त्यानं आणि कालिननं खांदा लावून दांडा वर उचलला.

शंभर पावलं पुढे ग्रीकांचा दांडा. तो खालीच. पलीकडे त्यांची अॅम्ब्युलन्स आलेली दिसत होती, दार उघडं, आणि अर्गिरिस टोपीशिवाय उभा राहून एका बाईशी भांडत होता. बाई म्हणजे तिथली पोलीस अधिकारी, पन्नाशीची, करडे केस, तिच्याही कानाला फोन. तिच्याही साहेबांचं ठरत नव्हतं. मी उतरलो. मला यायचं ते बोललो, मुलगी, बाळ, आडवं, दवाखाना. तिनं हात पुढे करून थांबायची खूण केली. ती वाईट नव्हती. घाबरलेली होती.

तेव्हा गाडीतून नेवेना ओरडली. ग्रीकमध्ये. मला वाटलं होतं पोरीत आता जीव उरला नाही. पण काय तो आवाज! लांबलचक वाक्य, मग आणखी एक, आणि शेवटी एकच शब्द तीनदा. अर्गिरिसनं तोंडावर हात ठेवला. त्या बाईचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, मग ती पुढे आली आणि तिनं दांडा उघडला.

काय म्हणाली नेवेना, कोण जाणे. रुसाना म्हणते, "आपल्याला ग्रीक येत नाही तेच बरं."

त्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. आम्ही मागे जायला लागलो तर बाई आडवी आली. खुणेनंच, फक्त ती, तुम्ही नाही. एवढं तिनं केलं होतं, याच्यापुढे मला वाद घालवेना. नेवेनानं माझ्या बाहीला धरलं होतं. बोटं सोडवायला लागली. अर्गिरिस म्हणाला, "बाबा, मी आहे." बाबाच म्हणाला. दार लागलं, आणि गाडी उतारावरून खाली गेली, वळली, दिसेनाशी झाली.

बऱ्याच वेळानं मानोलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही ग्रीसमध्ये उभे आहात. चला." मी खाली बघितलं. माझ्या बुटांच्या खुणा दांड्याच्या पार पलीकडे गेल्या होत्या. जन्मभर ज्याची भीती आणि हौस होती, तिथं पाऊल पडलं ते मला कळलंही नाही.

दिवस कसा काढला ते लिहीत नाही. दिवेलागणीला फोन आला. ऑपरेशन झालं. मुलगी. दोघी ठीक. रुसाना भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. चूल विझली होती, कोणी पेटवली नाही.

१० जानेवारी २०२१, रविवार

बाळाचं नाव मार्केला. अर्गिरिसच्या आईचं. तिकडे तशीच रीत आहे. मी म्हटलं, आमच्याकडचं काहीच नाही का? रुसाना म्हणाली, "तुझं नाव ठेवायला ती काय बस चालवणार आहे?"

रोज फोनवर बघतो. बाळ झोपलेलं असतं, किंवा फोन हलतो आणि छत दिसतं. छत चांगलं आहे, लाकडी आहे.

मानोलची बदली झाली. खुलासा मागितला होता. त्यानं खरं काय ते सांगून टाकलं, म्हणून सपाटीवरच्या ठाण्यात पाठवलाय. जाताना मी मिठी मारली.  तो म्हणाला, "तिकडे जेवणाचे हाल होणार, काका." त्याच्या फाटकावर आता एक नवा मुलगा आहे, नियमानं वागणारा. त्यालाही जेवायला बोलावलं.

१५ मे, शनिवार

आज फाटक उघडलं. बँड नाही, मंत्री नाही. मानोल मात्र परत आलाय. साथीत माणसं कमी पडली, म्हणून त्याच्या साहेबांनीच बोलावून घेतला. दांडा वर करून उभा होता, आणि रांगेत आमचीच एक गाडी.

सात किलोमीटर, मग तिकडचा उतार. वळणं बरीच आहेत, पण रस्ता छान बांधलाय. खाली ऑलिव्हची झाडं, मग एकदम समुद्र. रुसाना म्हणाली, "एवढंच होतं होय!" वीस मिनिटंही लागली नाहीत.

जाताना मी मनात एक वाक्य तयार करत होतो. आता घरी चल, पोरी, शेड तशीच आहे, अर्गिरिसला गाडी आपल्या गावाहूनही चालवता येईल. चांगलं वाक्य होतं, कोणाला दुखावणारं नव्हतं. प्रत्येक वळणावर घोटून घोटून पक्कं केलं.

घर बंदरामागच्या गल्लीत. अर्गिरिसच्या आईनं मला दोन्ही गालांवर मुका दिला आणि रुसानाला मिठी मारून रडायला लागली. रुसानाही रडली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी तासभर बोलत होत्या. नेवेना जाड झाली आहे, उन्हानं काळवंडली आहे. चालते भराभर. शेजारच्या बायका खिडकीतून तिला हाक मारतात, ती उलट उत्तर देते, आणि सगळ्या हसतात. मी दारात उभा राहून हे बघत होतो.

मार्केला माझ्या खांद्यावर झोपली. वजन काहीच नाही, पण हात हलवायची सोय नाही. डोक्याला ऊन लागल्याचा वास येतो. नेवेना समोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, काही बोलणार होतात का? आल्यापासून ओठ हलतायत तुमचे."

मी म्हटलं, "काही नाही. रस्ता चांगला आहे, तेच म्हणणार होतो."

तिनं माझा हात धरला. बराच वेळ धरला.

 येताना रुसानानं म्हटलं, "पुढच्या शनिवारी यायचं." विचारलं नाही, सांगितलं. फाटकाशी आलो तर मानोल पुढे झाला, खिडकीत वाकला.

"काय काका, काय आणलंत तिकडून?"

"काही नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलतोय," शेजारून रुसाना म्हणाली. "त्याचा खांदा बघ."

माझ्या काळ्या कोटाच्या खांद्यावर पांढरा, वाळलेला ओघळ होता, पार पाठीपर्यंत गेलेला. मार्केलानं झोपेत दूध ओकलं होतं. मानोलनं वाकून तो नीट बघितला, सामान तपासावं तसा. मग सरळ उभा राहिला, आणि आम्हाला जाऊ दिलं.